काकाजी, दोराला हात लावू नका

काकाजी मला भित्रा म्हणतात तर म्हणू द्या. फोनवर म्हणतात, बचाव पथकातल्या पोरांसमोर म्हणतात, आणि आता गौरव समितीलाही सांगून ठेवलं आहे म्हणे, की दिन्या तिकडं खाऱ्या पाण्यात राहून भित्रा झाला. पण माझं म्हणणं दिवाळीत होतं तेच आहे, आणि त्याआधी अकोल्याच्या दवाखान्यात होतं तेच आहे. पंचाहत्तरीला आलेल्या माणसानं, छातीत स्टेंट टाकलेला असताना, पुराच्या पाण्यात उभं राहून मोटरीचा दोर ओढू नये. यावर ते विषय बदलतात. तिकडं पाऊस कसा आहे, असं विचारतात.

हा गौरवग्रंथ आहे, भांडणाची जागा नाही, हे मला समजतं. समितीनं सांगितलं की पुंडलिकराव मोकळकर यांना, म्हणजे आमच्या काकाजींना, पंचाहत्तर वर्षं होत आहेत, तू त्यांच्या हाताखाली तयार झाला, तर चार शब्द आदरानं लिहून पाठव. आदर तर आहेच. पण माझं शिक्षण आठवीपर्यंत, मन एका जागी बसत नाही, आणि लिहायला बसलो की आदराच्या आधी भीतीच पुढं येते. मग म्हटलं, जे पुढं येतं ते लिहू. मी अंदमानात पर्यटकांच्या बोटी चालवतो. इथून हिवरखेडला धावत जायचं म्हटलं तरी दोन दिवस लागतात. त्यामुळे लिहिण्याशिवाय माझ्या हातात दुसरं काही नाही.

काकाजींची आणि माझी पहिली गाठ पाण्यावर पडली नाही, रस्त्यावर पडली. तेव्हा मी धारणीच्या लाइनवर दुसऱ्याची जीप चालवायचो. मेळघाटातला रस्ता, वळणं, जीपमध्ये दाटीनं बसलेली माणसं, आणि दिवस मावळायला लागला की माझे दिवे पिवळे पडत जायचे. घाटात एकदा ते पार विझले. मागं बसलेल्या बायांनी एकमेकींना धरलं. मालकानं बॅटरी बदलली, तरी तेच. पुन्हा बदलली, तरी तेच. शेवटी घरी हिवरखेडला आलो तेव्हा कोणीतरी म्हटलं, पुंडलिकरावांकडे ने.

त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. शेतीचे पंप, डिझेल इंजिनं, स्टार्टर, डायनामो, असा सगळा पसारा. मी बॉनेट उघडून लगेच वायरी ओढायला लागलो. ते खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, "हात मागं घे." मला वाटलं, शॉक लागेल म्हणून सांगतात. तर म्हणाले, "मांगं घे अन् पाह्य. काय दिसते थे सांग." मी हात पाठीमागं बांधून शाळेतल्यासारखा उभा राहिलो आणि जे दिसलं ते बोलत गेलो. त्यांच्याकडं शिकलेल्या प्रत्येकाला ही रीत माहीत आहे. आधी डोळे, मग मीटर, आणि हात सगळ्यात शेवटी.

मग ते उठले. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावला, आकडा मला वाचायला लावला. इंजिन चालू केलं, पुन्हा वाचायला लावला. आकडा तोच. "इंजन चालू झालं का हा आकडा चढला पाह्यजे," ते म्हणाले. "चढत नाही म्हंजे बॅटरीच्या पोटात काही जाऊनच नाही राहिलं. तुमी उपाशी बैल बदलून राहिले, चारा कोणीच टाकून नाही राहिलं." दोष निघाला इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती गंजून नावापुरती उरली होती. नवी पट्टी टाकली, आकडा चढला. निघताना त्यांनी विचारलं, की जीप आवडते की तिचं पोट आवडतं. मी म्हटलं, पोट. म्हणाले, मग येत जा.

पुढं मी येतच गेलो. त्याच सुमारास परिसरात बचाव पथक तयार झालं होतं. एका पावसाळ्यात पूर्णेच्या पुरात माणसं झाडावर अडकली आणि काठावरच्यांना नुसतं पाहत राहावं लागलं, त्यातून ते उभं राहिलं. बबनभाऊ त्याचे प्रमुख. त्यांनी कुठून तरी एक रबरी बोट आणि बोटीच्या मागं लावायची एक जुनी मोटर मिळवली. पथकात तिला ओबीएम म्हणतात. बटणानं चालू होणारी, पण बॅटरी बसली तर गवत कापायच्या मशीनसारखा दोर ओढून चालू करायची. आमच्या भागात तिची दुरुस्ती कोणालाच येत नव्हती. काकाजींनाही येत नव्हती. त्यांनी ती शेडमध्ये मांडली, हात मागं बांधले आणि पाहत बसले. किती तरी दिवस नुसते पाहत. काकू म्हणायच्या, मोटर दुरुस्त करून राहिले का तिच्यावर जीव जडला.

त्या पाहण्यातून त्यांनी जे काढलं ते पथकातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावलं. ठिणगी बॅटरीतून येत नाही. वरच्या चाकात लोहचुंबक असतो, चाक फिरलं की खालच्या कॉइलीत वीज तयार होते, तीच ठिणगी देते. म्हणून बॅटरी मेली तरी मोटर मरत नाही, फक्त चालू करायचं बटण आणि दिवा मरतो. मोटर मरते तेव्हा प्लग काढायचा, मोटरीच्या अंगाला टेकवायचा आणि दोर ओढायचा. निळी ठिणगी आली तर दोष पेट्रोलकडं. नाही आली तर सगळ्यात आधी बंद करायच्या बटणाची वायर सोडवायची. कारण ते बटण दुसरं काही करत नाही, ठिणगीची वीज अर्थिंगला नेऊन सांडतं. ती वायर कुठं आपोआप टेकली, तर मोटर चांगली असूनही मेल्यासारखी वागते. कॉइल, ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा, ते सगळं यानंतर. आणि मोटर कोणत्याही मोहिमेला निघायच्या आधी शेडमधल्या पाण्याच्या ड्रममध्ये चालवून पाहायचीच. हा त्यांचा नेम इतका कडक होता की एकदा बोलवायला आलेल्या लोकांनी घाई केली, तरी त्यांनी ड्रममध्ये चालवल्याशिवाय ती टेम्पोत चढवू दिली नाही.

हा नेम एकदाच मोडला. तो का मोडला ते सांगतो, कारण तो मोडण्यातही काकाजी कोण आहेत ते दिसतं.

ट्रॅक्टर आल्यापासून त्यांच्या घरी बैल नाहीत. पोळा आला की काकूंना अंगण रिकामं दिसायचं. त्या वर्षी मोटर अंगणात होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तेलानं शेकतात, तसं काकूंनी मोटरीचं वरचं झाकण शेकलं, आणि बैलाला सांगतात तसं तिला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही पोरं हसलो. काकाजी हसले नाहीत. त्यांनी मोटरीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला माळ घातली, पुरणपोळी दाखवली, आणि तिच्या दांड्याला, म्हणजे बोट वळवायच्या हँडलला, शिंगांना लावतात तशी बेगड गुंडाळली. लाल, हिरवी, सोनेरी. हल्लीची प्लास्टिकची पन्नी नाही, खरी पातळ धातूची. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून काकाजींनी त्या दिवशी मोटर ड्रममध्ये लावली नाही.

रात्रभर वर कुठंतरी पाऊस झाला आणि सकाळी पूर्णा फुगली. पलीकडच्या शेतवस्तीवर चौघं अडकल्याचा निरोप आला. आम्ही तशीच, नटलेली मोटर टेम्पोत टाकली. ड्रम कोणाच्या लक्षातही आला नाही.

जाताना मोटर चांगली चालली. वस्तीवर म्हातारा-म्हातारी, त्यांची सून आणि सुनेच्या कडेवर लेकरू. त्यांना बोटीत घेतलं. पुढं बबनभाऊ, मध्ये मी आणि ती माणसं, मागं दांड्यावर काकाजी. धारेच्या मध्यावर आलो आणि मोटर एकदम थांबली. खोकली नाही, अडखळली नाही. कोणी गळा दाबावा तशी थांबली.

आवाज थांबल्यावर पाण्याचा आवाज किती मोठा असतो, हे ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत. धारेच्या खालच्या अंगाला पूल होता. पाणी त्याच्या स्लॅबला लागायला आलेलं, आणि खांबांत वाहून आलेली झाडं अडकलेली. बोट तिकडं तोंड करून निघाली. मी दोर ओढला. एकदा पकडली, मेली. पुन्हा ओढला, काहीच नाही. बबनभाऊ वल्ह्यानं बोट सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते, पण वल्हं त्या पाण्यात काडीसारखं होतं. म्हातारीनं माझ्या शर्टाचं टोक धरलं होतं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, पुलाकडं पाहत होती. मी दोर ओढतच राहिलो.

काकाजी म्हणाले, "दिन्या, हात मागं घे."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी सांगितलं की पुंडलिकराव बिलकुल घाबरले नाहीत. घाबरले होते. मी एका हाताच्या अंतरावर होतो. त्यांनी झाकण उघडलं, प्लग काढला, मोटरीच्या अंगाला टेकवला. मला म्हणाले, ओढ. ओढला. ठिणगी नाही. त्यांनी बटणाकडं जाणारी वायर शोधली, तिचा जोड दातांनी ओढून सोडवला, कारण दुसरा हात प्लगवर होता. म्हणाले, ओढ. ठिणगी आली. निळी. इतकीशी, पण मी आयुष्यात तेवढा मोठा उजेड पाहिला नाही.

प्लग बसवला, तिसऱ्या ओढीला मोटर धरली आणि बोट पुलापासून वळली. किती जवळून वळली ते मी सांगत नाही, काकू वाचतील. काठाला लागल्यावर मोटर बंद होईना, कारण बटणाची वायर तर सुटलेली. काकाजींनी पेट्रोलची नळी काढली आणि ती आपोआप बंद होईपर्यंत दांडा धरून बसून राहिले. मग दांड्यावरचं बंद करायचं बटण उघडलं. आत बेगडीची एक लाल पट्टी पावसानं भिजून, सरकून बसली होती. धातूची ती. तिनं बटण न दाबताच दाबलेलं ठेवलं होतं.

बबनभाऊ तापले. बेगड लावायचं काम कोणाचं, असं त्यांनी विचारलं. त्यांचा राग खोटा नव्हता, चौघांचे जीव गेले असते, आमचेही गेले असते. काकाजी म्हणाले, "जनावर सजवलं यात पाप नाही, बबन. पण मी त्याले जुंपायच्या आधी पाह्यलं नाही. थे माह्यं." एवढंच. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना काही लपवलं नाही. पट्टी दाखवली, काय झालं ते सांगितलं. काकू दोन दिवस धड जेवल्या नाहीत. पुढच्या पोळ्याला त्या मोटरीजवळ जाईनात, तेव्हा काकाजींनी स्वतः बेगड आणली आणि म्हणाले, झाकणावर लाव, दांडा सोड. सजावट झाल्यावर सगळ्यांच्या देखत मोटर ड्रममध्ये चालवली. पोळ्याच्या दिवशी. आता पथकात तीच रीत आहे.

त्या पुरानंतर मी बोटीत बसत नव्हतो. पथक निघालं की मी टेम्पोतच बसून राहायचो. माझ्या वयाची पोरं टोमणे मारायची. काकाजींनी एकदाही समजावलं नाही, की भिऊ नको. त्यांनी वेगळंच केलं. मी चहाला गेलो की ते मोटरीत एखादा दोष करून ठेवायचे. कधी प्लगची टोपी सैल, कधी अर्थिंगखाली कागद, कधी जोडात मेणाचा थेंब. मी यायचो, हात मागं बांधायचो, शोधायचो. सापडला की पुढचा. असं करत करत एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की मोटर बंद पडली तर काय, या प्रश्नाला माझ्याकडं आता उत्तर आहे. भीती गेली नाही. तिला काम मिळालं. मग मी बोटीत बसलो.

अंदमानात कामाला लागलो त्या पहिल्या आठवड्यात पर्यटक घेऊन जाताना माझी मोटर खोल पाण्यात थांबली. मी फोन लावला. काकाजी शेतावर होते. म्हणाले, "माणसं किती हायेत? घाबरले असतीन तं तू जोरानं बोल, पण हळू काम कर." फोन कानाला, काम हाताला. बटणाची वायर नव्हती, प्लगच्या टोपीत मीठ बसलं होतं. मोटर चालू होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही, आणि चालू झाल्यावर तिचा आवाज पुरता ऐकून मगच ठेवला. त्या पर्यटकांना वाटलं असेल, मी देवाशी बोलत होतो.

म्हणून मागच्या पावसाळ्यात बबनभाऊंचा फोन आला तेव्हा मी त्यांना सगळं दोनदा सांगायला लावलं. मोहीम निघताना बटण दाबलं तर मोटर नुसती कण्हली. बॅटरी बसलेली. काकाजींनी कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःच दोर ओढला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी दोर सोडला, हात छातीवर नेला आणि बोटीच्या कडेवर बसले. पाण्याकडच्या नाही, काठाकडच्या कडेवर, हे नशीब. अकोल्याला नेलं. स्टेंट टाकला. डॉक्टरांनी सांगितलं, की झटक्यानं ओढायचं, उचलायचं काम बंद.

काकाजी आता पुन्हा पथकासोबत जातात. घरी बसा असं मी म्हणत नाही, ते मला जमणार नाही आणि त्यांनाही जमणार नाही. पण बॅटरी का बसली, हे कोणी विचारलं का? मी विचारलं. गेल्या महिन्यात फोन करून म्हटलं, काकाजी, मीटर घ्या, आणि आकडा वाचा.

ते म्हणाले, "तू मले शिकवून राहिला?"

मी म्हटलं, "हात मागं घ्या अन् वाचा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांनी मीटर वाचला. मोटर बंद असताना बारा पूर्णांक एक. ड्रममध्ये मोटर चालू केली, वेग वाढवला. बारा पूर्णांक एक. जीपचंच दुखणं. अर्थिंग त्यांनी आधीच घासून पाहिलं होतं. मग कॉइलीच्या दोन पिवळ्या वायरी तपासायला सांगितल्या. तिथं वीज भरपूर. म्हणजे कॉइल जिवंत, मधला रेक्टिफायर मेला. कॉइलीतली वीज बॅटरीच्या कामाची करून देणारा तो छोटा डबा. मी सांगायच्या आधी तेच म्हणाले, "मले माहीत हाय. पार्ट नाही भेटत. नागपुरातही पाह्यला. दोर हाये ना."

दोर हाये ना, हेच मला झोपू देत नाही. इथं बातम्यांत विदर्भात अतिवृष्टी असं आलं की मी बबनभाऊंना फोन लावतो आणि ते उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहतो. ज्या माणसानं मला शिकवलं, की दोष माहीत असताना मोटर पाण्यात न्यायची नाही, तेच माहीत असलेला दोष घेऊन पाण्यात जातात. कारण पलीकडं कोणीतरी अडकलेलं असतं.

म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना, विशेषतः पथकातल्या पोरांना, हात जोडून सांगतो. काकाजी दांड्यावर बसू देत. त्यांच्याइतकं पाणी कोणी ओळखत नाही. पण दोर तुमच्यापैकी एकानं धरायचा, ते रागावले तरी. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या, त्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत, पचतात. शाल, नारळ, मानपत्र सगळं व्हावं, त्यांचा तो हक्क आहे. काकूंनाही त्यांच्या शेजारी खुर्ची द्या.

माझी इच्छा एवढीच, की काकाजींनी अजून पुष्कळ पोळे पाहावेत, पुष्कळ पोरांना हात मागं बांधायला लावावेत, आणि त्यांच्या छातीतली ठिणगी निळीच राहावी. त्यांची शंभरी भरेल तेव्हा समितीनं मला पुन्हा लिहायला सांगावं. तेव्हा कदाचित मी भीती सोडून आदरानं लिहू शकेन.

इथल्या भंगारातल्या तशाच एका जुन्या मोटरीतून रेक्टिफायर काढला आहे. माझ्या बोटीला लावून पाहिला, आकडा चढतो. तो पार्सलनं निघाला आहे. नवी बॅटरी मात्र इथून पाठवता येत नाही, ॲसिड असतं म्हणून विमानात घेत नाहीत. ती अकोल्यात घ्या, काकाजींना विचारत बसू नका, पाऊस लागायच्या आत बसवा. त्यासाठी बबनभाऊंच्या खात्यावर सहा हजार आठशे रुपये पाठवतो आहे.